नगरांचे वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

परगावचा पाहुणा नाशकास आला म्हणजे आम्ही नाशिककर त्यास प्रथम नदीवर नेतो. रविवार कारंजावरून निघावे, सराफ बाजाराच्या उताराने खाली यावे, भांडी बाजारात तांब्यापितळेची झळाळी पाहावी, नदी ओलांडून रामकुंडाशी क्षणभर टेकावे आणि नारोशंकराच्या घंटेकडे मान वर करून पाहत काळारामाच्या महाद्वाराशी पोहोचावे. एवढी वाट थांबत थांबत गेले तरी तासाभरात पायी उरकते. वाटेत जुन्या वाड्यांचे ओटे लागतात, एखादा पिंपळाचा पार लागतो, देवळाची ओवरी लागते; उन्हात सावली आणि पावसात आडोसा मिळत जातो. हे शहर चालणाऱ्याच्या सोयीने वसलेले आहे, ही गोष्ट आम्हांस कोणी सांगावी लागत नाही. ती पायांनाच कळते.

परंतु याच गल्ल्यांविषयी दुसरे मतही आमच्या कानांवर नित्य येत असते. त्या अरुंद आहेत, त्यांत मोटार शिरत नाही, घाण साचते, गर्दी झाली म्हणजे जीव गुदमरतो; तेव्हा जुने पाडावे आणि मधून एक सरळ रुंद रस्ता काढावा, असे म्हणणारे सज्जन आमच्यात थोडे नाहीत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असेही नव्हे. वाद जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी प्लेगने हिंदुस्थानातील मोठमोठी शहरे गांजली असता हाच प्रश्न ठिकठिकाणी उभा राहिला होता. आणि त्या वेळी हाती नकाशा घेऊन, एकेक गल्ली स्वतःच्या पायांनी तुडवून, ज्यांनी त्याचे उत्तर शोधले त्या सर पॅट्रिक गेडिस या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही या वर्षी आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील पलटणीतून निवृत्त झालेले. घरची स्थिती बेताची, पण सचोटीची व धर्मशील. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ नगराजवळ टेकडीच्या उतारावर एका लहानशा घरात राहावयास गेले. घरामागे बाग होती. तीत वडिलांच्या बरोबर बटाटे लावावे, फुलझाडांची निगा करावी आणि नंतर दोघांनी टेकडीवर फिरावयास जावे, असा त्या मुलाचा क्रम असे. टेकडीच्या माथ्यावरून पाहिले म्हणजे एका दृष्टिक्षेपात सारा प्रदेश दिसे : वर डोंगर व अरण्य, त्याखाली मेंढरांची कुरणे, मग शेते, मग टे नदीच्या काठचे पर्थ नगर, आणि पुढे समुद्राकडे जाणारे पाणी. डोंगरापासून सागरापर्यंतचे हे खोरे म्हणजे एकच जिवंत वस्तू असून नगर हा तिचा एक अवयव आहे, ही कल्पना त्यांच्या मनात तेव्हाच रुजली आणि ती जन्मभर सुटली नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावून आमच्या शहरातून वाहणाऱ्या गोदावरीच्या तीरी राहणाऱ्यांस ही कल्पना समजणे कठीण जाऊ नये. त्र्यंबकचे डोंगर, खालची शेते आणि द्राक्षांचे मळे, आणि त्या मालाची पेठ झालेले नाशिक, ही निरनिराळी प्रकरणे नव्हेत. एकाच ग्रंथाची ती पाने होत.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेवरून त्यांनी काही काळ एका पेढीत कारकुनी केली. पण मन रमेना. पुढे एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावयास गेले, तो तेथील कोरडी शिकवण पाहून आठवड्याभरातच परतले. अखेर १८७४ साली लंडनमध्ये प्राणिशास्त्राचे विख्यात पंडित हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांच्या अभ्यासास खरे वळण लागले. तेथून ते फ्रान्सात गेले. सजीवांचे सूक्ष्म निरीक्षण हक्स्लींनी शिकविले, तर समाजाचे निरीक्षण कसे करावे हे त्यांस ल प्ले या फ्रेंच विचारवंताच्या मतांवरून उमगले. स्थळ, काम आणि कुटुंब या तिहींचा एकत्र विचार केल्यावाचून कोणत्याही समाजाचे आकलन होत नाही, असा त्या मताचा सारांश होता.

१८७९ साली ते संशोधनार्थ मेक्सिको देशी गेले आणि तेथे त्यांच्यावर मोठा घाला आला. डोळ्यांना विकार होऊन दृष्टी गेली. वय अवघे पंचवीस. विद्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर अवलंबून. आणि कित्येक आठवडे काळोख्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहण्याची पाळी! त्या अंधारात हात चाचपडता चाचपडता खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांस लागल्या. त्या चौकटींत त्यांनी मनातल्या मनात एकेक विषय मांडून पाहिला आणि एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध कसा जुळतो याचा ते विचार करीत बसले. पुढे दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांस कायमचे दुरापास्त झाले. सूक्ष्म जंतूंच्या अभ्यासाची वाट अशी बंद झाली, तेव्हा हा पुरुष खचून न जाता उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एका मोठ्या प्राण्याच्या अभ्यासाकडे वळला. तो प्राणी म्हणजे मनुष्याचे नगर.

१८८६ साली ॲना मॉर्टन या सुविद्य स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी एडिंबरोचा जुना भाग म्हणजे दारिद्र्याचे आगर होते. एकावर एक मजले चढविलेल्या उंच, काळवंडलेल्या चाळी, त्यांच्यामधील कोंदट चौक, आणि नाक धरून जावे लागेल अशी घाण. सधन लोक तेथून केव्हाच नव्या रुंद रस्त्यांच्या भागात निघून गेले होते. या नवविवाहित दांपत्याने मात्र उलट दिशा धरली. ती दोघे जेम्स कोर्ट नावाच्या अशाच एका चौकात बिऱ्हाड करून राहिली. शेजाऱ्यांस उपदेश करण्याऐवजी त्यांनी आपल्या जिन्यास चुना दिला, खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेविल्या, चौक झाडून काढिला. पाहता पाहता शेजारीही कामास लागले. जेथे घर पार मोडकळीस आले होते तेथे तेवढेच उतरविले आणि मोकळ्या जागी लहानशी बाग केली. बाकीची घरे दुरुस्त करून हवा व उजेड आत घेतला. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहही त्यांनी त्याच भागात १८८७ साली सुरू केले. पुढे हिंदुस्थानात त्यांनी जी पद्धत प्रसिद्धीस आणिली तिचा पहिला धडा असा एका चाळीच्या जिन्यावर गिरविला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८८८ सालापासून ते डंडी येथील कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील काम वर्षातून एका सत्रापुरतेच असल्यामुळे बाकीचा काळ त्यांस नगरांच्या सेवेस देता येई. १८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक उंच इमारत हाती घेऊन तीत आउटलुक टॉवर नावाचे एक अपूर्व संग्रहालय उभारिले. त्याची रचना मोठी बोधप्रद होती. पाहुण्यास प्रथम थेट माथ्यावर नेत. तेथे कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाच्या यंत्राने भोवतालच्या शहराचे चालतेबोलते चित्र मेजावर उमटे. ते डोळे भरून पाहून झाल्यावर तो एकेक मजला खाली उतरे. तेथे प्रथम एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग युरोप आणि सर्वांत शेवटी जग अशी ज्ञानाची मांडणी होती. आपली गल्ली आधी, जग नंतर. पण गल्लीपासून जगापर्यंतचा जिना अखंड, हे त्या मनोऱ्याचे तत्त्व होय. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांचे लेखक हाच क्रम मनात धरतील तर किती बरे होईल!

नगरांचा इतिहास, नकाशे व चित्रे यांचे एक फिरते प्रदर्शनही त्यांनी तयार केले होते. त्याची कीर्ती ऐकून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांस हिंदुस्थानात बोलाविले. १९१४ च्या अखेरीस, वयाच्या साठाव्या वर्षी, आपला ज्येष्ठ पुत्र ॲलॅस्टर यास बरोबर घेऊन ते या देशी आले. परंतु प्रदर्शनाचे सामान ज्या दुसऱ्या जहाजात होते ते वाटेत जर्मनांच्या एम्डेन या प्रसिद्ध युद्धनौकेने बुडविले. वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. दुसरा कोणी असता तर पुढच्या बोटीने स्वदेशी परतता. गेडिस परतले नाहीत. विलायतेतील मित्रांनी घाईघाईने नवे नकाशे, नवी चित्रे गोळा करून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरले.

त्या काळची स्थिती येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि लवकरच इलाख्यात पसरला. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून नवे रुंद रस्ते काढावे, कोंदट घरे पाडावी, नव्या जमिनी वसवाव्या, हे तिचे काम. मागाहून १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच. हेतू चांगले होते, यात शंका नाही. परंतु गावोगावच्या इंजिनियरांनी या कामी सोपी वाट धरली. नकाशावर पट्टी ठेवावी, एक सरळ रेघ ओढावी, आणि त्या रेघेखाली जी घरे येतील ती पाडावी! पाडलेल्या घरांतील माणसे कोठे गेली, याचा तपास नकाशात नसे. ती जात कोठे? शेजारच्याच आळीत, आणि जेथे चार बिऱ्हाडे होती तेथे आठ होत. म्हणजे रोग बरा न होता एका अंगातून दुसऱ्या अंगात जाई.

गेडिस यांची पद्धत याच्या अगदी उलट होती. आधी निदान, मग उपचार, हा वैद्याचा नियम त्यांनी नगरांस लावला. नव्या गावी पोहोचले म्हणजे पहाटेपासून ते पायी हिंडू लागत. हाती त्या गावाचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा असे. विहीर कोठे आहे, पाणी कोणीकडे उतरते, सावलीचे झाड कोठे, देऊळ वा मशीद कोठे, कोणते घर पडके आहे, बायका पाणी भरावयास कोणत्या वाटेने जातात, मुले खेळतात कोठे, हे सारे ते टिपून घेत. मग त्यांस आढळे की, इंजिनियरास जेथे सरळ रस्ता हवा असतो तेथे बहुधा त्याची गरज नसते. एखादे ओसाड घर काढिले, एखादी भिंत मागे घेतली, मधल्या उकिरड्याची जागा साफ करून तेथे झाड लाविले आणि पार बांधिला, की अख्ख्या आळीस श्वास घेता येतो. या उपायास त्यांनी रक्षण करणारी शस्त्रक्रिया असे अर्थपूर्ण नाव दिले होते. चांगला शस्त्रवैद्य बिघडलेला भाग तेवढा काढतो. रोग्याचे हातपाय तोडून त्यास सरळ करीत नाही. या रीतीने होणारा खर्च रुंद रस्त्याच्या खर्चाच्या एका लहानशा अंशात भागे, आणि बेघर होणारी कुटुंबे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहत.

घरांमधील आळ्या रुंद करण्याचा हव्यास त्यांस मुळीच मान्य नव्हता. वाहनांचे हमरस्ते रुंद असावेत. परंतु जेथे माणसे पायी येतात-जातात तेथे उष्ण देशात अरुंद आळीच सावलीची, शांत व धुळीपासून सुरक्षित असते, असे त्यांनी वारंवार दाखवून दिले. रस्त्यावर उधळावयाची जागा घरामागील अंगणास, मुलांच्या खेळास आणि झाडांस द्यावी, असे त्यांचे मत होते. तसेच मलेरियाच्या भीतीने गावोगावची तळी बुजविण्याची जी लाट आली होती तिलाही त्यांनी विरोध केला. तळे बुजवू नये, स्वच्छ ठेवावे. त्यात मासे सोडावे, म्हणजे ते डासांच्या अळ्या खातील आणि गावाचे पाणी, गारवा व शोभा ही तिन्ही राहतील, असा त्यांचा सल्ला असे. मद्रास इलाख्यातील अनेक गावांपासून लाहोर, लखनौ, बलरामपूर, बडोदे, नागपूरपर्यंत ते हिंडले. आमच्या मुंबई इलाख्यातील ठाणे, वांद्रे, सुरत, भडोच, नडियाद आणि अहमदाबाद या गावांविषयीचे त्यांचे अहवाल १९१५ सालचे आहेत. आज ठाण्याच्या तळ्याकाठी अथवा वांद्र्याच्या जुन्या गावठाणात फिरणाऱ्या किती जणांस या गोष्टीची आठवण असेल, न कळे.

१९१७ साल या वृद्धावर दुहेरी दुःख घेऊन आले. महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर ॲलॅस्टर एप्रिल महिन्यात मारला गेला. बापाच्या कामात उजवा हात होऊन राहिलेला, बापाबरोबर पायी हिंडून नगरे पाहावयास शिकलेला असा तो पुत्र होता. ही वार्ता आली त्या सुमारास ॲनाबाई हिंदुस्थानातच तापाने अंथरुणास खिळल्या होत्या. पुत्रनिधनाची बातमी ऐकून त्यांचे प्राण जातील, या भयाने गेडिस यांनी ती आपल्या मनात दाबून ठेविली. उशाशी बसावे, हसतमुखाने बोलावे आणि बाहेर येऊन एकट्याने अश्रू ढाळावे, असे दिवस त्यांनी काढिले. अखेर जून महिन्यात त्या साध्वीने कलकत्त्यास देह ठेविला. मुलगा आपल्या आधी गेला हे त्यांस शेवटपर्यंत कळले नाही. एकतीस वर्षांची सहचारिणी आणि ज्येष्ठ पुत्र दोन-अडीच महिन्यांत गमावलेला हा बासष्ट वर्षांचा मनुष्य पुढे काय करणार?

तो इंदुरास गेला आणि पुन्हा पायी हिंडू लागला. त्या वेळी इंदूरच्या गादीवर तुकोजीराव होळकर (तिसरे) होते, आणि शहरात प्लेगची दहशत होती. नकाशा घेऊन आळीआळीतून फिरणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब पाहून लोक दारे लावून घेऊ लागले. साहेबाने ज्या घराकडे बोट दाखविले ते पाडले जाणार, असा त्यांचा समज. आणि तो पूर्वानुभवावरून झालेला असल्यामुळे त्यांस दोषही देता येत नाही. लोकांचा विश्वास नाही तोवर नकाशे व्यर्थ आहेत, हे गेडिस यांनी ओळखले. त्यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. दिवाळीच्या उत्सवापुरते शहराचे यजमानपद आपणाकडे द्यावे! महाराजांनी ती मान्य केली.

लगेच गावात जाहीर झाले की, या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या ठरीव मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावर अधिकात अधिक घरे साफ व दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्याने ती जाईल. केरकचरा उचलून नेण्यास गाड्या फुकट मिळतील. मग काय विचारता! ज्या आळीतून मिरवणूक कधी गेली नव्हती तीही ईर्ष्येस पेटली. भिंतींस चुना लागला, ओटे सारविले गेले, तळघरांतून वर्षांची अडगळ बाहेर निघाली, आणि हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला. त्याबरोबर उंदीरही गेले. दिवाळीच्या दिवशी हत्ती, उंट, घोडे, शेतीचे देखावे, रोगरूपी राक्षसांची सोंगे, भला थोरला कागदी उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसवांची चित्रे, अशी मिरवणूक निघाली. तीत सर्वांत मोठा मान कोणास मिळाला? शहर झाडणाऱ्या मेहतर बांधवांस. शुभ्र वस्त्रे नेसून, गळ्यात हार घालून, आपल्या रंगविलेल्या गाड्यांसह ते मिरवणुकीत चालले होते. ज्यांची सावलीही टाळावी असे समाजाने ठरविले होते त्यांस त्या दिवशी नगराचे रक्षक म्हणून लोकांनी पाहिले. त्यांच्यामागून इंदूर नगरीची देवता आली; तिच्या निशाणावर भावी शहराचा नकाशा होता. शेवटी घाणीचा राक्षस आणि तो उंदीर यांचे दहन झाले. प्लेगचा जोर पुढे लवकरच ओसरला. तो ऋतुमानाने ओसरला की साफसफाईने, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. पण दारे लावून घेणारे लोक त्या दिवसापासून त्या म्हाताऱ्यास आपल्या घरात बोलावू लागले, एवढे खरे. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या हिंदुस्थानातील कामात तोच श्रेष्ठ मानितात.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग स्थापून गेडिस यांस त्याचे पहिले प्राध्यापक नेमिले. विद्यार्थ्यांस त्यांनी पुस्तकांपेक्षा रस्त्यावर अधिक शिकविले. मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये यांची बुद्धी पारखून त्यांस पुढील अभ्यासासाठी विलायतेस पाठविण्यात गेडिस यांचा हात होता; तेच घुर्ये १९२४ साली त्या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे भारतीय समाजशास्त्राचे आचार्य म्हणून नावाजले. सर जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी १९२० साली लिहिले.

प्रकृतीच्या कारणाने १९२४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडिला आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये येथे डोंगरउतारावर विद्यार्थ्यांचे एक निवासस्थान व बाग उभारिली. १९२५ साली तेल अवीव या नव्या शहराची आखणी त्यांनी केली. हमरस्ते थोडे ठेवून, घरांच्या मोठाल्या चौकांच्या पोटात शांत आळ्या व लहान बागा ठेवण्याची त्यांची योजना तेथे बरीच अमलात आली. त्या आखणीवर उठलेला शहराचा भाग २००३ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केला. १९३२ च्या आरंभी त्यांस सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिये येथे त्यांचा देहान्त झाला.

चरित्रनायकाचे दोष झाकणे हा चरित्रलेखकाचा धर्म नव्हे. गेडिस यांचे बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारी आणि ऐकणाऱ्याची त्रेधा उडे. हाती घेतलेली अनेक कामे त्यांनी अर्धवट टाकिली. पैशाचा हिशेब ठेवणे त्यांस कधी साधले नाही. हिंदुस्थानातील त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरांत पडून राहिले, कारण ज्या अधिकाऱ्यांच्या योजनांवर त्यांनी टीका केली त्यांच्याच हाती अंमलबजावणी होती. तथापि बी पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळालेच पाहिजे, असा सृष्टीचा नियम नाही. अमेरिकेतील नगरविषयक थोर लेखक लुईस ममफर्ड यांनी त्यांस गुरू मानिले. शाळा, बाजार, बाग आणि काम ही घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावीत, म्हणजे इंधन वाचते, हवा शुद्ध राहते आणि शेजारधर्म जगतो, असे आज जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. ते ज्या वाटेने जात आहेत तीवर गेडिस यांची पावले फार पूर्वी उमटलेली आहेत.

आता पुन्हा आमच्या नाशकाकडे वळू. हे नगर किती पुरातन! गोदेकाठच्या जुन्या गढीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९५०-५१ साली केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर तेथे सापडले. इतक्या पिढ्यांनी पायांनी आखलेल्या वाटा एका रेघेने पुसून टाकणे शहाणपणाचे ठरेल काय? परंतु अरुंद वाटांचा धोका आमच्याइतका कोणास ठाऊक असणार! २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्याच्या पर्वणीस रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांनी प्राण गमाविले. अशा जागेचा उपाय झालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, उपाय वैद्याचा असावा की कुऱ्हाडीचा? गर्दी कोठून येते, कोठे तुंबते, कोणत्या पडक्या जागेत मोकळा चौक होईल, कोणत्या बोळाने लोकांस बाहेर काढता येईल, हे जो पायी हिंडून पाहील त्यालाच खरे औषध सापडेल. रामकुंडाच्या परिसरातील काँक्रीट काढून गोदेचे झरे मोकळे करावेत, असा आग्रह आमच्या गावातील काही जागरूक नागरिकांनी अलीकडे धरिला. तळी राखा म्हणणाऱ्या गेडिस यांचीच वृत्ती आम्हांस त्यात दिसते.

शहराच्या बाहेरील बाजूस सातपूर, अंबड, सिडको अशा मोठमोठ्या वसाहती उठल्या आहेत. हमरस्ता ओलांडून शाळेस येताना आमच्यातील लहान मुलांस किती वेळ कडेला उभे राहावे लागते, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एक काम करा. एक कोरा कागद घ्या आणि आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट त्यावर काढा. वाटेत सावलीची झाडे किती, पिण्याचे पाणी कोठे, आजोबांस टेकावयास ओटा कोठे, रस्ता ओलांडण्याची भीती कोठे वाटते, आणि कोणती पडकी जागा साफ केली असता तेथे चार मुले खेळू शकतील, हे त्यावर मांडा. मग तो कागद आपल्या शिक्षकांस व आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांस दाखवा. पुत्र गेला, पत्नी गेली, जन्माचा संग्रह समुद्रात बुडाला, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे नकाशा घेऊन परक्या गावाच्या गल्लीत शिरणाऱ्या त्या वृद्ध वैद्यास याहून अधिक योग्य असे स्मारक आम्हांस सुचत नाही.